गुदाशयाचा कॅन्सर आणि दुर्बीण : पार्श्वभूमी

लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ मध्ये स्वतःच्याच कामाचा हिशेब मांडला. केवळ गुदद्वाराच्या बाजूने गाठ काढलेल्या ५७ रुग्णांपैकी ५४ जणांचा आजार उलटला होता. त्यांनी मग पोटातून आणि खालून, दोन्हीकडून गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, काढायला सुरुवात केली. रुग्णाच्या पोटावर शौचाचा कायमचा मार्ग आला, तरी ही पद्धत अनेक दशकं टिकली.

खरं वळण दुर्बिणीच्या आधीचं आहे, आणि ते बहुतेकदा सांगितलंच जात नाही. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये दाखवलं की, गुदाशयाभोवतीच्या चरबीच्या आवरणात कॅन्सरचे बारीक कण राहून जातात. ते आवरण न फाटता, अखंड निघालं पाहिजे. पुढची प्रत्येक पद्धत याच कसोटीवर तपासली गेली.

नव्वदच्या दशकात लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटावरच्या लहान छिद्रांतून दुर्बीण घालून करायची शस्त्रक्रिया, आतड्यांसाठी वापरात आली. टाके लहान, दुखणं कमी, रुग्ण लवकर घरी. पण ओटीपोटाची खोल, अरुंद जागा दुर्बिणीलाही अवघडच. ब्रिटनच्या ‘क्लासिक’ चाचणीत (२००५) गुदाशयाच्या दर तीन दुर्बीण-शस्त्रक्रियांपैकी एक मध्येच पोट उघडून पूर्ण करावी लागली.

२०१५ साल तर गोंधळाचंच होतं. १,०४४ रुग्णांच्या ‘कलर २’ चाचणीत तीन वर्षांनी कॅन्सर त्याच भागात उलटण्याचं प्रमाण दुर्बीण आणि उघडी शस्त्रक्रिया या दोन्ही गटांत सारखं, ५ टक्के निघालं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या दोन चाचण्यांना मात्र, काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर, दुर्बीण उघड्या शस्त्रक्रियेच्या तोडीची आहे हे सिद्ध करता आलं नाही. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात रुग्णांच्या प्रकृतीत ठळक फरक दिसला नाही, तरी सर्जनच्या मनातली धास्ती मला रास्तच वाटते.

खालून, गुदद्वारातून दुर्बीण घालण्याची पद्धत २०१० नंतर झपाट्याने पसरली. नॉर्वेत आजार लवकर आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी उलटू लागल्यावर तिथल्या डॉक्टरांनी ती देशभर थांबवली. आपलेच निकाल पाहून थांबायला धैर्य लागतं.

रोबोटच्या मदतीने होणाऱ्या शस्त्रक्रियेचंही सुरुवातीला जमलं नव्हतं. ४७१ रुग्णांच्या ‘रोलार’ चाचणीत (२०१७) पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटने ८.१, तर लॅप्रोस्कोपीने १२.२ टक्के होतं, आणि तो फरक निर्णायक ठरला नाही. चीनमधल्या ‘रिअल’ चाचणीत मात्र तीन वर्षांनी आजार त्याच भागात उलटण्याचं प्रमाण रोबोटने १.६, तर लॅप्रोस्कोपीने ४ टक्के आलं. त्या शस्त्रक्रिया मुरलेल्या हातांनी केलेल्या होत्या.