हापूस आहे, पण लावणार कुठे?

नमस्कार मंडळी! पहिला पाऊस पडला की नर्सरीत गर्दी होते आणि गेटमधूनच विचारणा सुरू, "हापूस आहे का?" आहे ना, पण आधी जागा सांगा. कंपाउंडला चिकटून आंबा लावला की काही वर्षांनी फांद्या शेजारच्यांच्या पत्र्यावर, पानं त्यांच्या पन्हाळीत, मग रोजची कटकट, आणि तोडायचं म्हटलं तर शहरात १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी काढावी लागते. म्हणून येताना मोबाईलवर जागेचे दोन-तीन फोटो आणाच, वर वायरी आहेत का, सेप्टिक टँक कुठे आहे, ऊन किती तास मिळतं, एवढं कळलं की आम्ही नीट सांगू शकतो.

खरं सांगायचं तर आपल्या पुण्याकडे हापूसपेक्षा केशर बरा, कोकणातल्यासारखा हापूस इथे येत नाही. जागा कमी असेल तर आम्रपाली घ्या, दशहरी आणि नीलमचा संकर, झाड ठेंगणंच राहतं.

अगदीच छोटं अंगण असेल तर पारिजातक किंवा कढीपत्ता. सोनचाफा कलमाचाच घ्या, कारण बियांच्या रोपाला फुलासाठी फार वर्षं थांबावं लागतं, फक्त काळ्या मातीत पाणी तुंबत असेल तर तो जगत नाही. लिंबाला काटे असतात, लहान मुलं असतील तर जरा कोपऱ्यात लावा. शेवगा भराभर वाढतो पण वाऱ्यात मोडतो, शिवाय पावसाळ्यात सुरवंट! गुलमोहराखाली गाडी लावायचा विचार असेल तर नको, फांद्या ठिसूळ. रंगच हवा असेल तर तामण लावा की, आपलं राज्यफूल आहे, उन्हाळ्यात जांभळं होऊन जातं.

आंब्याला खड्डा ३ बाय ३ बाय ३ फूट, खाली मुरूम लागला तरी कंटाळा करू नका, चांगली माती आणि कुजलेलं शेणखत भरा. कलमाचा जोड मातीच्या वरच राहू द्या, जोडाखालून फुटवे आले की लगेच काढा, नाहीतर वाढतं ते खालचं रायवळ, म्हणजे बियांचं साधं झाड, आणि तुम्ही म्हणता नर्सरीवाल्याने फसवलं. पहिली दोन-तीन वर्षं मोहोर आला तर मन घट्ट करून खुडून टाका. आणि जोडावरची प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर सोडायला विसरू नका, ती खोडाला काचते. जमत नसेल तर फोटो पाठवा, आम्ही बघून सांगतो.