ग्लॅम रॉक आणि हेअर मेटल

ग्लॅम रॉक हा साधारण १९७१ ते १९७५ या काळात इंग्लंडमध्ये बहरलेला रॉक संगीताचा प्रकार. हेअर मेटल हा १९८०च्या दशकात अमेरिकेत, मुख्यतः लॉस एंजेलिसमध्ये, घडलेला हेवी मेटलचा उपप्रकार. दोन्हींत पुरुष कलाकार डोळ्यांत काजळ घालून आणि ओठ रंगवून रंगमंचावर येत, त्यामुळे छायाचित्रे पाहणाऱ्याची गल्लत होते. रेकॉर्ड ऐकणाऱ्याची ती सहसा होत नाही. 'हेअर मेटल' हे नाव त्या बँडांनी स्वतः घेतलेले नाही. ते मागाहून, बरेचसे हेटाळणीने चिकटले. ऐन भरात त्याला 'ग्लॅम मेटल' किंवा 'पॉप मेटल' म्हणत, आणि 'ग्लॅम' हा शब्द असा दोन्हीकडे आल्याने घोळ आणखी वाढला.

एकच गाणे, दोन काळ

फरक समजून घ्यायला 'कम ऑन फील द नॉइझ' हे एकच गाणे पुरते. इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या स्लेड या बँडने ते १९७३ मध्ये काढले आणि ते ब्रिटिश विक्री यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाले. अमेरिकेत त्याची मजल ९८व्या क्रमांकापर्यंतच गेली. दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, लॉस एंजेलिसच्या क्वायट रायट बँडने तेच गाणे पुन्हा गायले, तेही निर्मात्याच्या आग्रहामुळे. बँडला ते करायचेच नव्हते. ते अमेरिकन यादीत पाचव्या क्रमांकावर गेले आणि ज्या अल्बममध्ये ते होते तो 'मेटल हेल्थ' नोव्हेंबर १९८३ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला.

दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकावीत. स्लेडच्या मुद्रणात नॉडी होल्डरचा खरखरीत आवाज आणि सगळ्यांनी मिळून केलेला कल्ला पुढे आहे; गिटार त्या गर्दीतली एक. क्वायट रायटचे गाणे ड्रमने उघडते. ड्रमचा आवाज मोठ्या सभागृहात घुमल्यासारखा, गिटार धारदार आणि वेगळी काढलेली, धृपदाचे आवाज थरावर थर चढवलेले. चाल तीच, शब्द तेच. पहिले गाणे गुत्त्यातल्या गर्दीसाठी बेतलेले वाटते, दुसरे स्टेडियमसाठी.

ठेका आणि गिटार

ग्लॅम रॉकचा पाया १९५०च्या दशकातला रॉक अँड रोल. अमेरिकन गायक-गिटारवादक चक बेरीच्या वळणाचे तीन कॉर्ड (एकदम छेडायचे स्वरसमूह), दोन-चार सुरांची गिटारची टेक आणि पाय आपटायला लावणारा ठेका. यातला बराचसा ठेका शफल म्हणजे झुलता असतो: प्रत्येक मात्रेचे तीन भाग, त्यातले पहिले दोन जोडलेले. दादरा कानात असलेल्याला तो झोका चटकन ओळखू येतो. वर टाळ्यांचे थर. ड्रम कोरडे, दबलेले. टी. रेक्स या बँडच्या गाण्यांत निर्माता टोनी व्हिस्कोंती याने व्हायोलिनांचा ताफा आणि चिरक्या वरच्या पट्टीतले साथीचे आवाज घातले. सामग्री इतकी थोडी की टक्कर अटळ होती. जानेवारी १९७३ मध्ये स्वीट या बँडचे 'ब्लॉक बस्टर' आणि डेव्हिड बोवीचे 'द जीन जिनी' ही एकाच आरसीए कंपनीची गाणी जवळजवळ सारखीच टेक घेऊन यादीत वर चढत होती. स्वीट पहिल्या क्रमांकावर पोचले, बोवी दुसऱ्यावर थांबला.

बोवीचा गिटारवादक मिक रॉन्सन याचा आवाज हा या काळाचा नमुना मानता येईल. गिब्सन लेस पॉल कस्टम ही गिटार, दर्शनी भागावरचा रंग खरवडून काढलेली. मार्शलचा २०० वॉटचा अँप्लिफायर. आणि आवाजाचा रंग बदलणारे वाह पेडल. हे पेडल पायाने वर-खाली हलवण्यासाठी असते, पण रॉन्सन ते मधेच अडकवून सोडून देई. त्यामुळे मधल्या पट्टीतले स्वर पुढे येऊन गिटार थोडी नाकात बोलते. पेडल जरासे घसरले तरी रंग बदलतो, म्हणून नक्कल करणाऱ्याने आधी जागा ठरवून घ्यावी, मग आवाज वाढवावा.

हेअर मेटलची सुरुवात मात्र व्हॅन हेलन या बँडच्या १९७८च्या पहिल्या अल्बमपासून धरावी लागते. एडी व्हॅन हेलनने दोन्ही हातांची बोटे फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) आपटून वाजवण्याची रीत रूढ केली, आणि नंतरच्या दहा वर्षांत गिटारचा एकल तुकडा नसलेले गाणे अपुरे मानले जाऊ लागले. इथला ठेका बहुधा सरळ: तळहाताने तारा दाबून बारीक समान आघात, मग धृपदात कॉर्ड मोकळे. स्नेअर ड्रमवर घुमारा चढवायचा आणि तो विरण्याआधीच कापून टाकायचा, ही त्या दशकाची सही. अनेक बँड गिटार अर्धा स्वर उतरवून लावत; मोटली क्रू तर पूर्ण एक स्वर.

वाद्यही बदलले. 'सुपरस्ट्रॅट' म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराची गिटार, ब्रिजपाशी, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाच्या आधारापाशी, जाड आवाजाचा हंबकर पिकअप आणि फ्लॉइड रोझचा कुलुपबंद ट्रेमोलो, म्हणजे दांड्याने सूर वर-खाली करणारी यंत्रणा. या ट्रेमोलोत तारा नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीपाशी) आणि ब्रिजपाशी अशा दोन ठिकाणी स्क्रूने जखडतात आणि ब्रिज दोन खुंट्यांवर तोललेला असतो: एका बाजूला तारांचा ताण, दुसऱ्या बाजूला पाठीमागच्या खोबणीतल्या, सहसा तीन, स्प्रिंगा. दांडा दाबून तारा अगदी लोंबत्या केल्या तरी सूर जागेवर परततो.

तो लावायचा क्रम चुकला की डोकेदुखी. तारा एकेक करून बदलाव्यात. सगळ्या एकदम काढल्या तर स्प्रिंगा ब्रिजला आत ओढतात. नट उघडा ठेवून सहाही तारा लावाव्या, प्रत्येक तार बोटाने ओढून ताणावी, परत लावावी. एक तार चढवली की बाकीच्या उतरतात, म्हणून चार-पाच फेऱ्या होतातच. सूर स्थिर झाल्यावर नट कुलूप करावे आणि उरलेला फरक ब्रिजवरच्या बारीक स्क्रूंनी काढावा. ताणण्याआधीच कुलूप लावणारे पुष्कळ. मग तारा सैलावत जातात आणि बारीक स्क्रूंचा प्रवास संपून जातो. जाड तारा चढवल्यावर ब्रिज पुढे कलतो, तेव्हा मागच्या स्प्रिंगांचे स्क्रू आवळावे लागतात. रंगमंचावर एक तार तुटली तर तोल जाऊन उरलेल्या पाची चढतात आणि अख्खी गिटार बेसूर होते. बाजूला दुसरी गिटार लावून ठेवण्याला इथे पर्याय नसतो. लेस पॉलच्या स्थिर ब्रिजवर हा प्रश्न फारसा येत नाही.

वेश कशासाठी

मार्च १९७१ मध्ये टी. रेक्सचा मार्क बोलन बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये 'हॉट लव्ह' गाताना सॅटिनचे कपडे आणि डोळ्यांखाली चमकी लावून आला. ग्लॅमची सुरुवात बहुतेक जण इथून मोजतात. जानेवारी १९७२ मध्ये बोवीने 'मेलडी मेकर' साप्ताहिकाला आपण समलिंगी असल्याचे सांगितले. इंग्लंडमध्ये पुरुषांमधील असे संबंध गुन्ह्याच्या यादीतून अंशतः निघून तेव्हा पाचच वर्षे झाली होती. रंगमंचावर तो झिगी स्टारडस्ट हे पात्र वठवी, आणि ३ जुलै १९७३ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये त्याने ते सर्वांसमोर संपवले. बोवी आणि रॉक्सी म्यूझिकसारख्यांकडे वेश हे सोंग होते. स्लेड आणि स्वीट यांच्याकडे तो निखळ थट्टेचा मामला. पण बघणाऱ्याला 'हा पुरुष की बाई' असा प्रश्न पडावा, ही खोडी सगळ्यांतच होती.

हेअर मेटलमध्ये काजळ राहिले, प्रश्न गेला. पॉयझन या बँडचा १९८६चा पहिला अल्बम पाहावा: मुखपृष्ठावर चौघांचे नटवलेले चेहरे, आत मात्र पोरींच्या मागे लागण्याची गाणी. मेकअप जितका बायकी, तितका मर्दानीपणाचा गाजावाजा मोठा, असे या प्रकाराचे गणित दिसते. चौदा वर्षे आधीचा असूनही बोवीचा वेश आज अधिक धाडसी वाटतो, तो यामुळेच.

केसांचे तंत्र साधे आहे. त्याच दिवशी धुतलेले केस निसरडे असतात, फुगत नाहीत. आदल्या दिवशी धुवावेत. केसांच्या बोटभर रुंद बटा करून प्रत्येक बट वर ताणून धरावी आणि फणी टोकाकडून मुळाकडे तीन-चारदा उलटी ढकलावी. मुळाशी गुंता बसला की स्प्रे मारावा. अमेरिकेत स्वस्त ॲक्वा नेटचा डबा यासाठी ठरलेला. मग डोके खाली लोंबते सोडून ड्रायर फिरवावा आणि शेवटी फक्त वरचा थर हलक्या हाताने नीट करावा. रंगमंचाच्या दिव्यांखाली घाम आला की सगळे चिकट होऊन बसते. स्प्रे ज्वालाग्राही असल्याने स्प्रेने ओले केस घेऊन आतषबाजीजवळ जाणे धोक्याचे. सोडवताना कंडिशनर लावून टोकापासून सुरुवात करावी. मुळापासून ओढणाऱ्याचे केस तुटतात.

पैसा कुठून येई

ग्लॅमचे चलन सिंगल हे होते: तीन मिनिटांचे गाणे, टीव्हीवर एक हजेरी, शनिवारी दुकानात विक्री. निकी चिन आणि माइक चॅपमन ही गीतकार जोडी स्वीट, मड आणि सुझी क्वात्रो यांना गाणी पुरवत असे. हेअर मेटल अल्बम, दौरे आणि १ ऑगस्ट १९८१ला सुरू झालेली एमटीव्ही यांवर चाले. आधी वेगवान गाणे, मग काही महिन्यांनी संथ 'पॉवर बॅलड', म्हणजे मेटल न ऐकणारेही अल्बम घेतात. पॉयझनचे 'एव्हरी रोझ हॅज इट्स थॉर्न' हे त्यांच्या दुसऱ्या अल्बममधले तिसरे सिंगल. डिसेंबर १९८८ मध्ये तेच पहिल्या क्रमांकावर गेले. लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरच्या क्लबांत मात्र नवख्या बँडांना उलटे पैसे मोजावे लागत: स्वतःच्या कार्यक्रमाची तिकिटे आधी विकत घ्यायची आणि रस्त्यावर पत्रके वाटत खपवायची.

वारसा

दुवे खरे आहेत, पण सरळ रेषेतले नाहीत. मधे न्यूयॉर्क डॉल्स, ॲलिस कूपर आणि किस हे अमेरिकन बँड आहेत, फिनलंडचे हॅनोई रॉक्स आहेत. मॉट द हूपल या ग्लॅम बँडमधून बाहेर पडलेल्या इयन हंटरचे १९७५चे 'वन्स बिटन, ट्वाइस शाय' ग्रेट व्हाइट या हेअर मेटल बँडने १९८९ मध्ये अमेरिकेत पाचव्या क्रमांकावर नेले. हेअर मेटलमध्ये गणले जाणारे डेफ लेपर्ड हे तर इंग्लंडमधल्या शेफील्डचे. त्यांनी स्वीटचे 'ॲक्शन' गायले.

ग्लॅमच्या इंग्लंडशी महाराष्ट्राचा एक धागा आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बुलसारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, याच्या क्वीनने याच काळात नाव काढले. 'किलर क्वीन' १९७४चे. हेअर मेटल मुंबईत पोचले ते प्रामुख्याने कॅसेटवरून. एमटीव्ही एशिया स्टार टीव्हीवर सप्टेंबर १९९१च्या मध्यात सुरू झाली, आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला निर्वाणा या अमेरिकन बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम बाजारात आला. अमेरिकेत ज्या लाटेने हेअर मेटल बाजूला सारले, ती आणि हेअर मेटलचे व्हिडिओ भारतीय प्रेक्षकाने जवळजवळ एकदमच, एकाच वाहिनीवर पाहिले.