जर्मनीतले तुर्की, अमेरिकेतले भारतीय, हा फरक आला कुठून?

"अमेरिकेतले आपले लोक बघा कसे शिकलेले, आणि जर्मनीतले तुर्की अजून मागेच" असं कोणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं. कोण आलं हे त्या लोकांच्या अकलेवर नाही ठरलं हो, बोलावणाऱ्याला कोण हवं होतं त्यावर ठरलं.

१९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, पूर्व जर्मनीतून येणारे कामगार बंद झाले, आणि ३० ऑक्टोबरला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणायचा करार केला (इटलीशी १९५५ मध्येच झालेला). खाणींना, कारखान्यांना माणसं हवी होती. इस्तंबूलच्या जर्मन ऑफिसात लोकांना कपडे उतरवून रांगेत उभं करायचे, दात बघायचे, रक्त-लघवी तपासायचे, डिग्रीशी कोणाला काय देणंघेणं, धडधाकट हात हवे होते आणि तेही थोड्या वर्षांपुरते. १९६४ मध्ये परदेशातून बोलावलेला दहा लाखावा कामगार म्हणून आर्मांदो रोद्रिगेस द सा हा पोर्तुगीज सुतार कोलोनला उतरला तर त्याला फुलं आणि मोपेड दिली, पण या लोकांना भाषा शिकवावी असं तेव्हा फारसं कोणाच्या मनात आलं नाही. १९७३ मध्ये भरती थांबली, एकदा गेलो तर परत येता येणार नाही म्हणून बरेच जण तिथेच राहिले आणि बायकामुलांना बोलावून घेतलं.

आता अमेरिका. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला फक्त १०० जागा होत्या. १९६५ च्या कायद्याने देशवार कोटा गेला आणि नातेवाइकांना सगळ्यात जास्त जागा मिळाल्या, पण आपले नातेवाईक तिथे होतेच किती? मग उरलं कौशल्याचं दार, त्यातून मुंबई-पुण्याचे डॉक्टर, इंजिनियर गेले, म्हणजे इथे सरकारी खर्चाने शिकलेले आणि वर विमानाचं तिकीट परवडणारे, आधीच चाळून निघालेले. त्याच अमेरिकेने १९४२ ते १९६४ मेक्सिकोतून शेतमजूर बोलावले, तिथून शेतमजूरच आले. देश एकच, दारं दोन.

कॅनडाने १९६७ मध्ये सरळ मार्क द्यायलाच सुरुवात केली, शिक्षण, वय, भाषा असं सगळं मिळून १०० पैकी ५० पडले की प्रवेश.

आणि ज्या जर्मनीने एकेकाळी दात बघितले तिनेच जून २०२४ पासून नोकरी शोधायला येणाऱ्यांसाठी पॉइंट मोजायला घेतलेत, आता शिक्षणाचे पॉइंट आहेत, भाषेचेही आहेत.