मटण मुरतं किती खोल?

पोळ्याच्या करीला आमच्या गावात उजाडायच्या आत मटणाच्या दुकानापुढे रांग लागते. डबा पुढे करता करता प्रत्येक जण आपली फर्माईश सांगतो. "मांडीचं दे", "चार चाप टाक", "नळी विसरू नको". बोकडाचा कोणता भाग कसा लागतो हे सगळ्यांना पाठ असतं. घरी आल्यावर मात्र सगळं एकाच गंजात पडतं. अलीकडे तर मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून त्या सगळ्याला सरसकट दही लावून तासन् तास मुरवत ठेवायची पद्धत पडते आहे. माझ्या मावशीला हे अजिबात पटत नाही. "दही कायले लावतं रे? घंटाभर चुलीवर शिजनारच हाय ना ते," असं ती म्हणते. मी थोडं वाचून आणि थोडं करून पाहिलं, आणि विज्ञान बरंचसं तिच्या बाजूने निघालं.

करून पाहिलं ते असं. मांडीचा मुठीएवढा बिनहाडाचा तुकडा घेतला. त्याला दही, हळद, तिखट, मीठ आणि आलं-लसूण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी धुऊन, पुसून मधोमध कापला. हळदीचा पिवळा रंग फक्त कडेला होता, ज्वारीच्या दाण्याएवढाही जाड नाही. आतलं मांस काल होतं तसंच लालसर. मग कडेपासून पाऊण सेंटिमीटर आतली एक पातळ चकती तव्यावर भाजून खाल्ली. ती किंचित खारट लागली, पण लसणाची चव तिच्यात नव्हती, तिखटाचीही नव्हती.

मांसात जवळपास तीन चतुर्थांश पाणी असतं, पण ते मोकळं नसतं. जुडीत बांधलेल्या पऱ्हाट्यांसारखे स्नायूंचे धागे घट्ट बसलेले असतात आणि पाणी त्यांच्या आत-मध्ये अडकलेलं असतं. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे अगदी लहान आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात आणि ते या पाण्यातून वाट काढत आत जातात. हळदीचा रंग आणि मिरचीचा तिखटपणा यांचे रेणू मोठे असतात, शिवाय त्यांना पाण्यापेक्षा तेल जवळचं. म्हणून ते दारातच थांबतात. मिठाचा वेगही फार नाही. दुप्पट खोल जायला त्याला चौपट वेळ लागतो. त्यामुळे चार तासांचे आठ तास केले तर फायदा दुप्पट होत नाही.

आत गेलेलं मीठ नुसती चव देत नाही. स्नायूंमध्ये मायोसिन नावाचं प्रथिन असतं. मीठ त्याला थोडं सैल करतं, विरघळवतं, आणि मग शिजताना मांस आपलं पाणी जास्त धरून ठेवतं. मुरवण्यातला खरा कर्ता मीठच आहे, असं माझं ठाम मत झालंय. बिनहाडाच्या किलोभर मटणाला 15 ते 20 ग्रॅम मीठ पुरतं. तेवढं नंतर रश्श्यात कमी टाकायचं.

आता कोणत्या भागाला काय करायचं ते. आपल्याकडची बेरारी शेळी दिवसभर वावरांच्या धुऱ्यांवर आणि पडीक रानात चरत हिंडते. ज्या स्नायूला जितकं काम, तितका तो चिवट. मान, खांदा आणि पायाच्या नळीभोवतालचं मांस सतत राबतं, म्हणून त्यात कोलॅजन, म्हणजे धाग्यांना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, जास्त साचतं. पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूला त्या मानाने आराम असतो, म्हणून चाप नरम. गाई-म्हशींच्या स्टेकचंही, म्हणजे भाजायच्या जाड कापांचंही, गणित हेच. कण्याखालच्या टेंडरलॉइनला जाणकार मीठ-मिरीपलीकडे फारसं काही लावत नाहीत. पोटाकडच्या फ्लँक आणि स्कर्ट या पातळ, लांब धाग्यांच्या भागांना मात्र मसाला लावून ठेवतात. कारण तुकडाच पातळ असेल तर दोन-तीन मिलिमीटरची कडासुद्धा मोठा वाटा ठरते. भाजल्यावर ते धाग्यांना आडवं कापतात, म्हणजे दाताला लांब धागा तोडावा लागत नाही. मांडीच्या मटणालाही ही युक्ती तशीच लागू पडते. सुक्यासाठी फोडी करताना सुरी धाग्यांना आडवी चालवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लगेच फरक कळेल.

कोलॅजनवर मात्र दही, लिंबू किंवा मीठ यांचा फारसा इलाज चालत नाही. त्याला हवी ओलसर उष्णता आणि वेळ. 60 अंशांच्या पुढे ते आधी आक्रसतं आणि मांसातलं पाणी पिळून काढतं. अर्धवट शिजलेलं मटण रबरासारखं लागतं ते याचमुळे. 70 अंशांच्या वर बराच वेळ ठेवलं की तेच कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. रस्सा खाताना ओठ चिकटतात तो हा जिलेटिन. थंडीच्या दिवसांत उरलेला रस्सा सकाळी गंजात थिजलेला दिसतो, त्यात वरचा थर चरबीचा असतो आणि खालचा थरथरणारा भाग जिलेटिनचा. मान आणि नळी रश्श्यात जाणार असतील तर त्यांना दही लावून ठेवण्यात वेळ घालवू नका. मावशीचा घंटाभर जाळ, किंवा त्याहून जास्त, तेच काम नीट करतो.

इथे आपल्या गावांची एक खास अडचण सांगायला हवी. बोकड पहाटे कापला जातो आणि दहा वाजता मटण चुलीवर असतं. जनावर मेल्यावर स्नायूंमधली ऊर्जा संपते, धागे एकमेकांना जखडून बसतात आणि मांस ताठर होतं. पुढे थंडाव्यात ठेवलं तर मांसातलीच विकरं (एन्झाइम) दिवसागणिक ही पकड सैल करतात. स्टेकचं मांस आठवडे-आठवडे थंड खोलीत ठेवतात ते यासाठी. आपल्याकडे ताजेपणाला मान आहे आणि तो योग्यच आहे, पण ताजं म्हणजे नरम नव्हे. हा फरक दोन तासांच्या दह्याने भरून निघत नाही.

मग दह्याचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण पृष्ठभागापुरता. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. दह्याचा पीएच साधारण 4.5 असतो, लिंबाचा त्याहून बराच खाली. मांसाचा 5.5 च्या आसपास. पीएच 5.2 जवळ आला की मांसाची प्रथिनं पाणी सगळ्यात कमी धरतात. म्हणून थोडंसंच आंबट लावलं तर मांस उलट कोरडं पडू शकतं, आणि लिंबात रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठासारखा होतो. चापांना दही लावायचंच असेल तर दोन-तीन तास पुरेत. निखाऱ्यावर ठेवण्याआधी जादाचं दही मात्र निपटून काढा. पृष्ठभाग ओला असेपर्यंत तापमान 100 अंशांच्या पुढे जात नाही, आणि भाजल्याचा तो खमंग तपकिरी रंग यायला 140 अंशांच्या आसपास जावं लागतं. या क्रियेचं वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात.

कच्च्या पपईचं प्रकरण वेगळं. तिच्या चिकात पपेन हे विकर असतं आणि ते प्रथिनं खरोखर तोडतं. पण तेही आत शिरत नाही, आणि त्याचा खरा जोर मांस तापू लागल्यावर, 50 ते 70 अंशांच्या दरम्यान चढतो. जास्त लावली की बाहेरून लगदा आणि आत तसंच चिवट. किलोला एक चमचा वाटण, तेही खिम्याला किंवा पातळ तुकड्यांना. पिकल्या पपईने हे काम होत नाही.

मसाल्याची चव मांसात शिरत नाही तर सावजी मटण इतकं झणझणीत कसं लागतं? कारण ती चव तेलात शिरते. दगडफूल, खसखस आणि मिरचीचं वाटण तेलात परतलं की तेलात विरघळणारे सगळे वास नि रंग बाहेर येतात आणि तर्री होऊन प्रत्येक फोडीला वरून माखतात. मुरवायच्या वेळेपेक्षा तो वेळ मसाला परतण्यावर घालवलेला बरा.

उन्हाळ्यात एवढं सांभाळा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 46-47 वर जातो तेव्हा मसाला लावलेलं मटण ओट्यावर तासभरही ठेवू नका. आंबटपणाने जंतू मरतात हा समज चुकीचा आहे. फ्रिज नसेल किंवा वीज जात-येत असेल तर मुरवूच नका, आणून थेट शिजवा. दही लावायचं भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं) नको.

राहिली कलेजी. तिच्यात कोलॅजन नावापुरतं, त्यामुळे नरम करायला काहीच नाही. लिंबू-दह्याने ती रवाळ होते. धुऊन, पुसून, तापल्या तेलात लसणावर चार-पाच मिनिटं परतायची, आतला लाल रंग गेला की मीठ आणि हिरवा सांभार (कोथिंबीर) घालून तव्यावरून थेट ताटात.