अपात्रतेची भावना (ख्रिस्ती जीवन)

देवासमोर उभे राहण्याची आपली लायकी नाही, ही श्रद्धावंताला बोचणारी जाणीव. ख्रिस्ती शिकवणुकीत ही लाज अपराधाच्या जाणिवेपासून वेगळी धरली जाते. अपराध एखाद्या कृत्याचा असतो, तो सांगून क्षमा मागता येते. लाजेला मात्र कबूल करायला नेमके कृत्यच सापडत नाही, म्हणून माणूस लपतो. उत्पत्तीच्या 3ऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा अंजिराची पाने शिवून नेसतात आणि झाडाआड दडतात. शिक्षा सुनावल्यावर देवच त्यांना चामड्याची वस्त्रे करून घालतो. मासे मिळाल्यावर 'माझ्यापासून दूर जा' म्हणणारा पेत्र (लूक 5:8) पुढे प्रभूला तीनदा नाकारतो. योहान 21 मध्ये कोळशांच्या विस्तवापाशी येशू त्याला तीनदा प्रेमाबद्दल विचारतो. नाकारल्याचा विषय तो काढत नाही, मेंढरे सांभाळायचे काम मात्र देतो.

कॅथलिक मिस्सामध्ये (मुख्य उपासनेत) ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र केलेली भाकर, घेण्यापूर्वी सगळी सभा आपली योग्यता नसल्याचे म्हणते. शब्द शताधिपतीच्या, म्हणजे एका रोमी सैन्याधिकाऱ्याच्या, बोलण्यावरून घेतले आहेत (मत्तय 8:8). म्हणजे अपात्रता बोलून दाखवायची आणि लगेच रांगेत जायचे. पुष्कळजण पहिल्या अर्ध्यावरच थांबतात. प्रॉटेस्टंट मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी बाकावरचे सगळे उठतात, स्वतःला अपात्र समजणारा एकटा बसून राहतो, मागून कुणीतरी पाहते, आणि पुढच्या खेपेस तो घरीच राहतो. यासाठी अयोग्य प्रकारे भाकर खाणारा दोषी ठरतो, हे 1 करिंथ 11:27 पुढे केले जाते. पण लगेच 28व्या वचनात स्वतःची परीक्षा करून 'मग खावे' असे आहे, ते वगळले जाते.

'लोक काय म्हणतील' हा धाक पुण्याला परका नाही. 1890 साली पुण्यातील पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहापायी टिळक-रानडे यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, तो वाद पेठांत वर्षानुवर्षे चालला. कॅथलिक पापनिवेदनाची, म्हणजे धर्मगुरूला खासगीत पापे सांगण्याची, व्यवस्था याच्या नेमकी उलटी आहे. ऐकलेले फोडणारा धर्मगुरू आपोआप धर्मबहिष्कृत होतो. जाहीर कबुलीचीही परंपरा आहे: दौंड तालुक्यातील केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जागृतीत (सामूहिक धर्मोत्साहाच्या लाटेत) मुली मोठ्याने रडत पापे कबूल करत होत्या. तिथे ते सामूहिक प्रार्थनेतून घडले. ठरवून बोलावलेल्या साक्षीच्या सभेत, म्हणजे जिथे आपला अनुभव सर्वांसमोर सांगतात तिथे, मात्र तेच लवकर गल्लीतली चर्चा होते. म्हणून साक्षीत इतरांची नावे घेऊ नयेत आणि ताजी जखम तिथे उघडू नये. ती आधी पाळकसाहेबांना किंवा एका विश्वासू व्यक्तीला सांगावी.

पापनिवेदनाचा क्रम साधा आहे: परीक्षण, पश्चात्ताप, पाप सांगणे, क्षमादान, दिलेले प्रायश्चित्त पूर्ण करणे. चूक सांगण्यातच होते. 'मी फार वाईट आहे, फादर' हे पापनिवेदन नव्हे, ती लाज बोलते आहे. 'आईशी खोटे बोललो, पैशांसाठी, महिन्यातून दोन-तीनदा' हे पापनिवेदन होय. सासूचे किंवा साहेबांचे दोष सांगत बसणे हाही लपण्याचाच प्रकार, आणि तो बराच प्रचलित आहे.

क्षमादान मिळूनही शंका न मिटणे, तेच पाप पुन्हा पुन्हा सांगणे, हा वेगळा त्रास आहे. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांना 1522 मध्ये स्पेनमधील मॉन्सेरात येथे तीन दिवस लेखी पापनिवेदन करूनही जवळच्या मान्रेसा गावी तो त्रास छळत राहिला. अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांग, असे धर्मगुरूंनी बजावले, तर इग्नेशियस यांना प्रत्येक पाप स्पष्टच वाटू लागले! शेवटी जुने काहीच सांगायचे नाही असे त्यांनी ठरवले, तेव्हा सुटका झाली. आजही उपाय तोच: धर्मगुरू एकच ठेवावा, वेळ ठरलेली असावी, एकदा सांगितलेले पुन्हा काढू नये. हात धुणे, प्रार्थना पहिल्यापासून म्हणणे अशी आवर्तनेही जोडीला असतील तर तो बहुधा मंत्रचळेपणाचा आजार (ओसीडी) असतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे आणि त्यांनी केलेले आजाराचे निदान धर्मगुरूंनाही सांगावे. अशा व्यक्तीला 'मनापासून वाटेपर्यंत प्रार्थना कर' असे मोघम प्रायश्चित्त दिल्यास आवर्तने वाढतात, म्हणून 'एक प्रभूची प्रार्थना, एकदाच' असे मोजून द्यावे लागते.