पट्ट्या नाचतात, स्पीकर मुका

आमच्या वडिलांचे एक स्नेही धुळे जिल्ह्यातल्या साक्रीला असतात, निवृत्त मास्तर. त्यांच्याकडे विंडोज एक्सपीच्या काळातली एक सीडी आहे. पक्ष्याच्या चित्रावर क्लिक केलं की त्या पक्ष्याचा आवाज ऐकू येतो. नव्या संगणकात विंडोजऐवजी लिनक्स, त्यावर ती चालेना. पुतण्याने व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात एक्सपी बसवून दिलं आणि तो पुण्याला निघून गेला. चित्रं दिसू लागली, पण भारद्वाज गप्प, कोकीळही गप्प. गावातल्या दुकानदाराचं निदान तयार होतं: "व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल." मग मास्तरांचा मला फोन. "भाऊ, सगळं दिसतं, पण आवाज काही निघत नही."

फॉरमॅट मारणं हा आपल्याकडचा नवा गंडादोरा आहे. गुण आला तर मांत्रिक मोठा, नाही आला तर तुमच्या मशीनचे ग्रह वाईट. आवाज नेमका कुठे अडला, हे मात्र कोणी बघत नाही.

व्हर्च्युअलबॉक्स बनवतो व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्येच व्हीएम/३७० नावाने ती आपल्या मोठ्या यंत्रांसाठी बाजारात आणली होती. या आतल्या संगणकाचं साउंड कार्डही खोटंच. व्हर्च्युअलबॉक्स तीन सोंगं आणू शकतो: १९९२ चं साउंड ब्लास्टर १६, इंटेलचं एसी९७ आणि २००४ नंतरचं हाय डेफिनिशन ऑडिओ. कोणतं सोंग आतल्या विंडोजला ओळखू येईल, यावर पहिली अर्धी लढाई ठरते. एक्सपीला एसी९७ कळतं, हाय डेफिनिशन कळत नाही. ६४ बिटांच्या विंडोज ७ चं बरोबर उलटं.

मास्तरांच्या मशीनमध्ये पुतण्याने प्रकार 'विंडोज ७' निवडला होता, म्हणून हाय डेफिनिशन आलं. एक्सपीच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं प्रश्नचिन्ह बसलेलं. सेटिंग बदलायला गेलो तर बदलता येईना, कारण मास्तर ते मशीन नीट बंद न करता रोज 'सेव्ह' करून झोपवत होते. शटडाउन केलं, ऑडिओत एसी९७ निवडलं, पुन्हा चालू केलं. प्रश्नचिन्ह गेलं. मीडिया प्लेअरमधल्या रंगीत पट्ट्या नाचू लागल्या, सेकंदं पुढे सरकू लागली. स्पीकर मात्र मुकाच.

माझ्या मते खरी गंमत इथे आहे. आवाज नाही, तर पट्ट्या नाचतात कशा?

रहाटगाडगं आठवा. चाकावर गाडग्यांची माळ. खाली भरायची, वर रिकामी व्हायची, पुन्हा खाली. साउंड कार्डाचं काम अगदी असंच चालतं. एसी९७ च्या रहाटाला गाडगी असतात ३२. प्रत्येक गाडगं म्हणजे मेमरीचा एक तुकडा. एक्सपीचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा प्रोग्राम, त्यांत आवाजाचे आकडे भरतो आणि 'अमुक नंबरपर्यंत भरलंय' असं कार्डाच्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या छोट्या खणात, लिहितो. कार्ड मागून एकेक गाडगं उपसत येतं, 'आता अमुक नंबरवर आहे' असं दुसऱ्या रजिस्टरमध्ये दाखवतं आणि गाडगं संपलं की प्रोसेसरला हटकतं. वेग सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, डाव्या-उजव्या कानासाठी दोन-दोन बाइट, म्हणजे सेकंदाला १,९२,००० बाइट.

खऱ्या कार्डात हा रहाट फिरवायला स्फटिकाचं घड्याळ असतं. खोट्या कार्डात स्फटिक कुठला? ड्रायव्हरने रजिस्टरला हात लावला की प्रोसेसर आतल्या संगणकाला थांबवून कारभार व्हर्च्युअलबॉक्सकडे देतो आणि तो कार्डाच्या तोंडून उत्तर देतो. दर काही मिलिसेकंदांनी तोच गाडगी उपसतो आणि पाणी बाहेरच्या लिनक्सकडे ओततो. बाहेर कोणी घेणारच नसेल तर? तर जमिनीवर सांडतो, पण रहाट थांबवत नाही. थांबवला तर प्लेअरही अडकेल, कारण बहुतेक प्लेअर गाण्याची सेकंदं कार्डाच्या उपशावरूनच मोजतात. म्हणून पट्ट्या नाचणं याचा अर्थ इतकाच की आतला रहाट फिरतोय. बाहेरच्या स्पीकरबद्दल त्या काहीही सांगत नाहीत.

पांझरा नदीकाठच्या माणसाला पुढचं सांगायला नको. फडाला, म्हणजे पाटाखालच्या शेतांना, पाणी आलं नाही तर आपण बंधाऱ्यापासून पाटाच्या कडेने चालत येतो आणि पाणी वाटेत कुठे फुटलंय ते बघतो. लिनक्समध्ये आवाजाची वाटणी करणाऱ्या पल्सऑडिओचा व्हॉल्यूम कंट्रोल उघडला. त्यात प्रत्येक प्रोग्रामची वेगळी ओळ दिसते. व्हर्च्युअलबॉक्सच्या ओळीतही पट्टी नाचत होती, म्हणजे पाणी बाहेरच्या लिनक्सपर्यंत पोचलं होतं. पण त्या ओळीपुढे ठिकाण लिहिलेलं होतं एचडीएमआय. आवाज मॉनिटरच्या केबलमधून चालला होता, आणि मॉनिटरला स्पीकरच नाहीत! ठिकाण बदलून मागच्या हिरव्या पिनेचं केलं, आणि मे महिन्याच्या भर दुपारी खोलीत कोकीळ ओरडली.

ती ओळ तिथेच म्यूट असू शकते, किंवा मशीनच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आउटपुटची खूणच नसते, तेही बघावं. आणि या एक्सपीला इंटरनेट जोडू नये. २०१४ च्या एप्रिलपासून त्याची सुरक्षा-दुरुस्ती बंद आहे.

एक खरखर मात्र राहिली. आतलं घड्याळ आणि स्पीकरच्या कार्डातला स्फटिक, दोघांचा वेग तंतोतंत जुळत नाही. समजा फरक दहा हजारांत एक. तरी सेकंदाला जवळपास पाच नमुने इकडचे तिकडे होतात, तासाभरात सतरा हजारांवर. कधीतरी एखादं गाडगं रिकामंच वर येतं आणि 'टक्' वाजतं. त्यात संगणक दुसऱ्या कामात अडकला तर आणखीच. बफर, म्हणजे आधीच भरून ठेवलेला आवाजाचा साठा, वाढवून हे कमी करता येतं, मग क्लिक आणि आवाज यांत अंतर पडतं. मास्तरांना म्हटलं, करू का?

"राहू द्या," ते म्हणाले. "आमचा जुना रेडिओ असाच लागायचा."