केसाएवढी चीर आणि खंबाटकीची चढण

पुण्याकडून साताऱ्याला येणारा भरलेला ट्रक खंबाटकी चढायला लागतो, तेव्हा त्याच्या डिझेलवर केवढा दाब असतो हे बाहेरून कळत नाही. हल्लीच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या सिलिंडरना एकाच सामायिक नळीतून डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, तो 1600 बार किंवा त्याहूनही जास्त जातो. कोयनेची भिंत 103 मीटर उंच. धरण काठोकाठ भरलं तरी तळाशी पाण्याचा दाब 10 बारच्या आसपास. अशी 160 धरणं एकावर एक रचली, तर हा दाब होईल. आणि तो पेलते करंगळीहून बारीक पोलादी नळी.

या नळीला केसाएवढी चीर गेली की डिझेल ठिबकत नाही, धुक्यासारखं फवारतं. जमिनीवर सांडलेलं डिझेल काडी टाकूनही सहजी पेटत नाही, हे ड्रायव्हर लोकांनी पाहिलेलं असतं. तोच भरवसा इथं घात करतो. 2 मिलिमीटरचा थेंब 20 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांत फुटला, तर 10 लाख कण होतात आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग 100 पट वाढतो. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. बारीक फवाऱ्याची करामत तो रोज बघतो. असे कण झटकन वाफ होतात. चढणीवर टर्बो आणि मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा जळका धूर ज्यांतून जातो ते भाग, 500 अंशांच्या पुढे तापलेले असतात. तिथे हे धुकं पोचलं, तर पेटायला ठिणगीही लागत नाही.

चीर पडते बहुधा थरथरीने. नळीला धरून ठेवणारी पकड, म्हणजे क्लॅम्प, चुकीच्या जागी असेल तर नळी आधाराविना थरथरत राहते आणि धातू हळूहळू थकतो. मेस्त्री नवी नळी बसवतो, मन लावून बसवतो, पण क्लॅम्पची जागा तीच राहते आणि नव्या नळीचंही तेच होतं. कराडच्या मेस्त्रीकडे अशी एक गाडी येते, मिरजेच्या मेस्त्रीकडे दुसरी. दोघांनाही वाटतं, एखाद्या गाडीचं नशीब. शेकडो गाड्यांची तीच तक्रार एकत्र दिसते ती कंपनीच्या वॉरंटीच्या नोंदींत. म्हणूनच गाड्या परत बोलावण्याची, म्हणजे रिकॉलची, पहिली जबाबदारी कंपनीची आहे असं मी मानतो.

आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110अ आलं आणि सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत. सुरक्षेसाठी केलेल्या रिकॉलच्या दुरुस्तीचा खर्च मालकावर पडत नाही.

मला खरी काळजी वाटते ती जुन्या गाडीच्या मालकाची. रिकॉलचं पत्र जातं कंपनीच्या नोंदीतल्या पत्त्यावर, आणि बऱ्याचदा तिथे पहिल्या मालकाचंच नाव असतं. गाडी दोन हात फिरून विट्याच्या मालकाकडे आली, तर त्याला रिकॉलची खबरच नसते. त्याने आरसी बुकावरचा 17 अक्षरी चासी नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जावं आणि एवढंच विचारावं: या नंबरवर एखादं रिकॉल बाकी आहे का? कंपनीच्या दप्तरात नाव, पत्ता आणि फोन नंबर त्याच वेळी बदलून घ्यावा.

आणि डिझेलचा वास येत असेल, तर इंजिन चालू ठेवून नळीवर हात फिरवून गळती शोधू नका. एवढ्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते. वर फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, फारसं दुखतही नाही, आणि आत पसरलेलं डिझेल काढायला तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. ती लांबली तर बोट गमावण्याची वेळ येते.